टर्की डेचा शेवटचा सामना: ह्यूस्टनच्या येट्स आणि व्हीटली शाळांचा उभा दावा

२४ नोव्हेंबर १९६६, गुरुवार. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी. या सणाला घरोघरी टर्की पक्षी शिजतो, म्हणून त्याला ‘टर्की डे’ही म्हणतात. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात, जेपसेन स्टेडियमवर, जॅक येट्स हायस्कूल आणि फिलिस व्हीटली हायस्कूल यांचा फुटबॉलचा सामना झाला. १९२७ पासून चालत आलेली ही लढत. पुढच्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला ती झाली नाही, आणि तिचं ते रूप परत कधी आलंच नाही.

शालेय खेळातली जुनी चुरस संपते तेव्हा कारण सहसा शोधावं लागत नाही. एखादी शाळा बंद पडते, मारामारी होऊन सामन्यावर बंदी येते, किंवा एक संघ इतका दुबळा होतो की मजाच राहत नाही. इथे यातलं काहीच घडलं नव्हतं. दोन्ही शाळा चालू होत्या, दोन्ही संघ तगडे होते, आणि प्रेक्षक तीस हजारांच्या वर जायचे. हा सामना बंद पडला तो ज्या गोष्टीसाठी ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय समाजाने वर्षानुवर्षं झगडा केला होता, ती मिळाल्यामुळे. म्हणून हे प्रकरण मला जरा खोलात जाऊन बघावंसं वाटलं.

(फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल: अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यावर चिलखतासारखे पॅड. टेक्सासमध्ये शाळांच्या फुटबॉलला जे स्थान आहे ते आपल्याकडे शाळेच्या कुठल्याच खेळाला नाही. गावंच्या गावं शुक्रवारी रात्री स्टेडियममध्ये असतात.)

दोन वॉर्ड, दोन शाळा

ह्यूस्टनचे वॉर्ड ही एकोणिसाव्या शतकातली राजकीय विभागणी. वॉर्ड म्हणून कारभार कधीच संपला, नावं मात्र लोकांच्या तोंडी राहिली. थर्ड वॉर्ड शहराच्या मध्यभागापासून आग्नेयेला, फिफ्थ वॉर्ड ईशान्येला, बफेलो बायू या संथ नदीच्या पलीकडे. दोन्हीकडे मुख्यतः कृष्णवर्णीय वस्ती, पण स्वभाव वेगळे. थर्ड वॉर्डमध्ये शिक्षक, डॉक्टर, वकील, धर्मोपदेशक यांची घरं, आणि १९४७ पासून कृष्णवर्णीयांसाठीचं विद्यापीठ, जे पुढे टेक्सास सदर्न म्हणून ओळखलं गेलं. फिफ्थ वॉर्ड रेल्वेच्या कारखान्यांत आणि बंदराच्या कालव्यावर घाम गाळणाऱ्यांचा. तिथेच शेजारच्या लुइझियाना राज्यातून आलेल्या क्रिओल, म्हणजे फ्रेंच वळणाच्या मिश्रवंशीय लोकांचं फ्रेंचटाऊनही. थर्ड वॉर्डवाले शिष्ट आणि फिफ्थ वॉर्डवाले रांगडे, असा एकमेकांबद्दलचा पक्का समज. खरं-खोटं किती, हा भाग निराळा. चुरशीला असा समज पुरतो.

१९२६ पर्यंत शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी एकच हायस्कूल होतं. त्या वर्षी थर्ड वॉर्डमध्ये येट्स उघडलं आणि पुढच्या वर्षी फिफ्थ वॉर्डला व्हीटली मिळालं. जॅक येट्स गुलामगिरीत जन्मलेले, पुढे धर्मोपदेशक झालेले. शहरातल्या मुक्त झालेल्या लोकांसाठी चर्च आणि इमॅन्सिपेशन पार्कची जागा उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा. फिलिस व्हीटली अठराव्या शतकातल्या कवयित्री, त्याही गुलाम म्हणून अमेरिकेत आणल्या गेलेल्या. येट्सचे खेळाडू म्हणजे ‘सिंह’, किरमिजी आणि सोनेरी रंगांत. व्हीटलीचे ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजरं, जांभळ्या आणि पांढऱ्या रंगांत. व्हीटली उघडलं त्याच वर्षापासून दोघांची गाठ.

घराघरात फाटाफूट असायची, कारण लग्नं दोन्ही वॉर्डांत होत. बाई येट्सची आणि नवरा व्हीटलीचा असेल, तर त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर टर्कीच्या दोन बाजूंना दोन पक्ष.

गुरुवार कुणाचा?

थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारी येतो आणि त्या दिवशी फुटबॉल खेळायची अमेरिकेत जुनी रीत आहे. पण ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय शाळांसाठी गुरुवारला आणखी एक अर्थ होता. शाळा मंडळाने १९४२ मध्ये पब्लिक स्कूल स्टेडियम बांधलं (१९५८ मध्ये त्याचं नाव जेपसेन झालं). त्यावर शुक्रवार-शनिवारच्या रात्री गोऱ्या शाळांच्या. कृष्णवर्णीय शाळांनी खेळायचं बुधवारी आणि गुरुवारी. म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा असताना सामने आणि आई-बापांना पहाटेच्या पाळीला जायचं असताना जागरण. उरलेसुरले दिवस त्यांच्या वाट्याला होते, जशी गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली पुस्तकं असायची.

त्या उरल्यासुरल्या गुरुवारांपैकी एक या लोकांनी शहरातला सर्वांत देखणा दिवस करून दाखवला. सकाळी मिरवणूक, दोन्ही शाळांचे बँड, मध्यंतराला मिस येट्स आणि मिस व्हीटली या दोन राण्यांचं आगमन. बायका नवे कोट, नव्या हॅट, हातमोजे घालून येत. शेवंतीची मोठाली फुलं छातीवर. पोटापाण्यासाठी दूर गेलेले माजी विद्यार्थी त्या आठवड्यात गावी येत. काहींना गोलाशी देणं-घेणं नव्हतं. कोण कुणाबरोबर आलंय, कुणाची पोरगी केवढी झाली, हे बघायला ते येत. आपल्याकडे जत्रेला कुस्तीचा फड असतो तेव्हा अर्धे लोक कुस्ती सोडून बाकी सगळं बघतात, तसंच.

आकड्यावर क्षणभर थांबू. १९६० च्या जनगणनेत ह्यूस्टनची लोकसंख्या सुमारे ९ लाख ३८ हजार, त्यात कृष्णवर्णीय साधारण २ लाख १५ हजार. तीस हजार प्रेक्षक म्हणजे सातांत एक माणूस. तान्ही मुलं, आजारी म्हातारे आणि त्या दिवशीही पाळी असलेले मजूर धरून. देशभरातल्या शालेय फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्यांत याची गणना व्हायची, आणि तरी शहराच्या गोऱ्या भागात कित्येकांना तो माहीतही नसे.

याच स्टेडियमवर १९६० पासून ह्यूस्टन ऑयलर्स हा व्यावसायिक संघ खेळू लागला. त्यांच्या सामन्यांना कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळ्या भागात बसवलं जाई. त्याविरुद्ध बाहेर फलक घेऊन निदर्शनंही झाली. म्हणजे रविवारी ज्या माणसाला एका कोपऱ्यात बसावं लागे, तोच थँक्सगिव्हिंगच्या दुपारी त्याच स्टेडियममध्ये मनाला येईल तिथे बसत असे. या सामन्याची ओढ कशाची होती हे कळायला मला एवढा एक तपशील पुरेसा वाटतो.

दोन लीग

टेक्सासच्या सरकारी शाळांच्या स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग चालवते. यूआयएल म्हणतात तिला. ही ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाची संस्था. तिच्या घटनेत सदस्यत्व ‘गोऱ्या’ सरकारी शाळांपुरतं होतं, सरळ तसं लिहून. म्हणून १९२० मध्ये कृष्णवर्णीय शाळांनी आपली लीग काढली. तिचा कारभार पुढे प्रेअरी व्ह्यू महाविद्यालयातून चाले आणि कालांतराने ती प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग, पीव्हीआयएल, झाली. फुटबॉल, धावणं, बँड, वक्तृत्व, टंकलेखन, सगळ्याच्या राज्यस्तरीय स्पर्धा. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेले जो ग्रीन आणि केन ह्यूस्टन याच लीगमधल्या शाळांतून आले.

१९६५ मध्ये यूआयएलने घटनेतला ‘गोरे’ हा शब्द काढला. त्याआधीच्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता आणि भेदभाव करणाऱ्या संस्थांचा संघराज्याचा पैसा अडणार होता, हे विसरून चालणार नाही. १९६७-६८ च्या हंगामापासून पीव्हीआयएलच्या बहुतेक मोठ्या शाळा, येट्स आणि व्हीटलीसकट, यूआयएलमध्ये आल्या. उरलेली लीग १९७० मध्ये गुंडाळली गेली.

इथे एक योगायोग सांगायलाच हवा. टेक्सास विद्यापीठाचं दार पहिल्यांदा किलकिलं केलं ते हीमन स्वेट यांनी. कायद्याच्या शाखेत प्रवेश नाकारला म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५० मध्ये जिंकले. स्वेट हे येट्सचे १९३० सालचे विद्यार्थी. त्याच विद्यापीठाच्या क्रीडा लीगला येट्सच्या फुटबॉल संघाला आत घ्यायला आणखी पंधरा-सतरा वर्षं लागली.

व्हीटलीचंही एक माणूस याच काळात आत शिरलं. बार्बरा जॉर्डन, १९५२ च्या व्हीटलीच्या विद्यार्थिनी, ८ नोव्हेंबर १९६६ रोजी टेक्सासच्या सिनेटवर निवडून आल्या. १८८३ नंतर त्या सभागृहात कृष्णवर्णीय माणूस आलाच नव्हता. शेवटचा टर्की डे सामना त्यानंतर सोळाव्या दिवशी झाला.

सामना नेमका कशाने बंद पडला

आता मुद्द्याचं. यूआयएलमध्ये गेल्यावर सामना का टिकला नाही? कुणी ‘हा बंद करा’ असा हुकूम काढायची गरजच नव्हती. वेळापत्रकाने काम केलं.

यूआयएलचा हंगाम तेव्हा सप्टेंबरात सुरू होऊन जिल्हा विजेते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ठरत आणि लगेच बाद फेऱ्या सुरू होत. थँक्सगिव्हिंग त्या फेऱ्यांच्या ऐन तोंडाशी. येट्स किंवा व्हीटली जिल्हा जिंकले, तर त्या आठवड्यात त्यांना राज्य अजिंक्यपदासाठी खेळायचं असणार. साखळीतला सामना तिथपर्यंत लांबवणं त्या चौकटीत बसतच नव्हतं. पीव्हीआयएलच्याही बाद फेऱ्या होत्या, त्या डिसेंबरात. पण ती लीग आपल्या शाळांची होती. थँक्सगिव्हिंगचा सामना आधी ठरलेला आणि बाकीचं त्याच्या भोवती मांडलेलं. नव्या लीगला या सामन्याशी काही वैर नव्हतं. तिच्या हिशेबात तो नव्हताच.

पर्याय होते का? कागदावर तीन दिसतात.

एक, सामना ऑक्टोबरातल्या एखाद्या रात्री घ्यायचा. दोन्ही शाळा पुढेही अधूनमधून एकमेकांशी खेळल्या, पण तो हंगामातला एक सामना होता, बस. ज्या दिवशी गावाला सुट्टी असते, बाहेरगावची माणसं घरी असतात आणि टर्की ओव्हनमध्ये असते, तो दिवस ऑक्टोबरात मिळत नाही. दिवाळी पाडव्याची मैफल जूनमध्ये ठेवली तर गाणारे तेच असतील, येणारे तेच नसतील.

दोन, दोन्ही संघ बाद फेरीत गेले नाहीत तरच थँक्सगिव्हिंगला खेळायचं. हा तर सर्वांत वाईट. मिरवणूक, राण्या, बँडची तयारी, गावोगावची रेल्वेची तिकिटं, हे सगळं ‘बघू, हरलो तर’ अशा अटीवर ठरवता येत नाही. शिवाय मग हा हरलेल्यांचा सामना झाला असता.

तीन, यूआयएलने अपवाद करायचा. हा एकच पर्याय गंभीरपणे विचार करण्यासारखा होता, आणि तो मागायला नव्या सदस्यांच्या हातात जोर हवा होता. इथेच माझ्या मते या प्रकरणाची खरी गाठ आहे. दोन लीग एकत्र आल्या असं म्हणण्याची पद्धत आहे, प्रत्यक्षात एक लीग दुसरीत विरघळली. नियम एकीचे राहिले, कार्यालय एकीचं राहिलं, विक्रमांची वही एकीची राहिली. पीव्हीआयएलच्या अजिंक्यपदांची नोंद यूआयएलने करायलाही अनेक दशकं गेली. बरोबरीने बसून दोन वेळापत्रकं समोर ठेवली असती, तर ‘तुमच्याकडे असं काय आहे जे मोडू नये?’ हा प्रश्न कुणीतरी विचारला असता आणि ह्यूस्टनमधून उत्तर तयार होतं.

हे नंतर बसून म्हणणं सोपं, हे मला कबूल आहे. १९६७ मध्ये येट्सच्या एखाद्या पालकाला विचारलं असतं, की तुम्हाला टर्की डे हवा की मुलाला राज्याच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत खेळायची संधी, तर त्याने दुसरंच निवडलं असतं असं मला वाटतं. मे १९६५ मध्ये याच शाळांतल्या हजारो मुलांनी एकीकरण रखडतंय म्हणून वर्गांवर बहिष्कार टाकला होता. रेव्हरंड विल्यम लॉसन त्याचे एक पुढारी. त्या घरांना जुन्या व्यवस्थेबद्दल गळा काढायला वेळ नव्हता. माझी तक्रार इतकीच, की हे किंवा ते, असं निवडायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

हे आधी बघितलेला माणूस

येट्सला दीर्घकाळ प्रशिक्षक असलेले अँड्र्यू ‘पॅट’ पॅटरसन यांचं मला कुतूहल वाटतं. तरुणपणी ते निग्रो लीगमधले, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल स्पर्धांमधले, नावाजलेले खेळाडू होते. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, फिलाडेल्फिया स्टार्स, न्यूअर्क ईगल्स अशा संघांतून ते खेळले. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनकडून तोवर गोऱ्यांच्याच असलेल्या मेजर लीगमध्ये उतरले आणि काही वर्षांतच निग्रो लीग ओस पडल्या. प्रेक्षक रॉबिन्सनला बघायला गेले, चांगले खेळाडू त्यांच्या मागोमाग. संघांच्या मालकांना कित्येकदा त्याचा मोबदलाही मिळाला नाही. हवं ते मिळालं आणि आपलं जे होतं ते गेलं. पॅटरसननी हे खेळाडू म्हणून एकदा पाहिलं होतं आणि वीस वर्षांनी दुसऱ्या खेळात, आपल्याच शहरात, त्याचीच आवृत्ती निघाली.

दोन प्रसंगांत एक फरक आहे, आणि तो ह्यूस्टनसाठी जास्त बोचरा. बेसबॉलमध्ये निदान मैदानावर काळे आणि गोरे खेळाडू खरोखर एकत्र खेळू लागले. १९६७ मध्ये येट्स आणि व्हीटली नव्या लीगमध्ये गेले तेव्हा त्यांच्या वर्गांत गोरी मुलं आली नाहीत. ह्यूस्टनमध्ये १९६० पासून न्यायालयाच्या आदेशाने एकेक इयत्ता करत एकीकरण चालू होतं, कासवाच्या चालीने. शाळा होत्या तशाच राहिल्या, बदललं ते स्पर्धांचं वेळापत्रक.

टेक्सासमधल्या इतर पीव्हीआयएल शाळांशी तुलना केली तर मात्र हे दोघं सुदैवी. छोट्या गावांत एकीकरण म्हणजे कृष्णवर्णीय शाळेला कुलूप आणि मुलं गोऱ्या शाळेत, असाच अर्थ निघाला. मुख्य प्रशिक्षक होता तो दुसऱ्या शाळेत सहायक झाला, मुख्याध्यापकाचं पद गेलं, करंडकांची कपाटं अडगळीत. टेम्पल गावातली डनबार शाळा, जिथून जो ग्रीन आले, बंद झाली. येट्स आणि व्हीटली वाचले ते शहराच्या आकारामुळे. एवढी मुलं दुसरीकडे बसवणार कुठे?

नंतर

वॉर्ड मात्र तेव्हापासूनच विस्कटत होते. फिफ्थ वॉर्डच्या छातीवरून दोन महामार्ग गेले, त्यांचा छेद वस्तीच्या मधोमध. थर्ड वॉर्डच्या कडाही महामार्गांनीच कापल्या. ज्यांना परवडलं ते आता मोकळ्या झालेल्या उपनगरांत गेले. हीही मिळालेल्या हक्काचीच दुसरी बाजू. घर बदललं की मुलाची शाळा बदलते. थँक्सगिव्हिंगचा सामना १९६७ नंतरही चालू राहिला असता, तरी १९८० पर्यंत तीस हजार लोक आले असते का, याबद्दल मला शंका आहे. पण ते त्याचं म्हातारपण झालं असतं. १९६६ मध्ये तो भर तारुण्यात गेला.

स्टेडियम ह्यूस्टन विद्यापीठाने घेतलं, त्याचं नाव रॉबर्टसन झालं. डिसेंबर २०१२ मध्ये ते पाडून तिथे नवं उभं राहिलं.

व्हीटलीचं नाव अलीकडे देशभर गाजलं ते फुटबॉलसाठी नव्हे. राज्याच्या गुणांकनात शाळा लागोपाठ नापास होत गेली आणि २०१५ च्या एका कायद्याने अशा एकाच शाळेपायी शहराचं अख्खं शाळा मंडळ ताब्यात घेण्याचा अधिकार राज्याला मिळाला होता. न्यायालयात बराच काळ लढा चालून मार्च २०२३ मध्ये ताब्याची घोषणा झाली आणि जूनमध्ये निवडून आलेलं मंडळ बाजूला सारून नेमलेली माणसं आली. शाळेचं भवितव्य राज्याच्या राजधानीतून, ऑस्टिनमधून, ठरण्याची फिफ्थ वॉर्डसाठी ही पहिली वेळ नव्हती.

येट्सने १९८५ मध्ये राज्यातल्या सर्वांत मोठ्या गटाचं यूआयएल अजिंक्यपद मिळवलं. अंतिम सामन्यात ओडेसाच्या पर्मियनला, टेक्सासमधल्या सर्वांत दबदब्याच्या संघाला, ३७-० असं धुतलं. एकूण सोळा सामने, सोळा विजय. टेक्सासचे प्रशिक्षक सांगतात, की थँक्सगिव्हिंगच्या सकाळी तुमची पोरं सरावाला असतील तर हंगाम चांगला चाललाय. त्या वर्षी येट्सची पोरं अजून स्पर्धेत होती. व्हीटलीशी मात्र त्या दिवशी त्यांची गाठ नव्हती.